लक्ष्मणरेषेचा ध्वनि

२४ मार्च २०२० रोजीं रात्रीं ८ वाजतां पंतप्रधान श्री. नरेंद्र मोदी यांनीं देशास उद्देशून हिंदींत जें भाषण केलें, त्यांतील एका शब्दाचा विचार येथें कर्तव्य आहे. कोरोनाच्या साथीमुळें मध्यरात्रीपासून २१ दिवस कोणीं घराबाहेर पडूं नये, हा वाच्यार्थ. तो सांगतांना घराघराच्या दारावर लक्ष्मणरेषा आंखली गेली आहे, असें ते म्हणाले. दारावर रेघ कोणींच ओढलेली नव्हती; अर्थात् मुख्यार्थाचा बाध झाला, आणि मम्मटाच्या रीतीनें प्रयोजन शोधणें प्राप्त झालें.

तें शोधूं जातां पोथ्यांकडे वळावें लागतें. वाल्मीकिरामायणाच्या बडोदें येथें १९६० ते १९७५ या काळांत निघालेल्या चिकित्सक आवृत्तींत ही रेषा नाहीं. तुलसीदासांच्या रामचरितमानसांत प्रत्यक्ष सीताहरणाच्या प्रसंगींही नाहीं. पुढें लंकाकांडांत मंदोदरी रावणास ऐकविते, कीं तेवढी लहानशी रेघ आपणांस ओलांडवली नाहीं. येथें रेषेचें सामर्थ्य हा व्यंग्यार्थ, आणि उणेपणा रावणाचा. लोकांत रूढ असलेली कथा उलट आहे: सीतेनें रेषा ओलांडली म्हणून अनर्थ ओढवला.

वक्त्यास यांपैकीं कोणता अर्थ अभिप्रेत होता? बाहेर पडलेलें एक पाऊल रोगास घरांत आणूं शकतें, असें त्यांनीं लागलीच जोडिलें. तेव्हां दुसराच, यांत आम्हांस संशय वाटत नाहीं. शब्द श्रोत्यांस तत्काळ भिडला, हें मान्यच. परंतु रक्षणाचा भार त्यानें नकळत रक्षकाकडून गृहस्थाकडे नेला. शिवाय ‘बोद्धव्य’ सर्वत्र एक नव्हता. ज्यांचें दार शेंकडों मैलांवर गांवीं होतें, ते मजूर मुंबई-दिल्लीहून पायीं निघाले. रेषेच्या भाषेंत ते अपराधी ठरले.

दुसऱ्या दिवशीं वाराणसीच्या नागरिकांशीं बोलतांना त्यांनीं १८ दिवसांच्या भारती युद्धाशीं या २१ दिवसांची तुलना केली. हा दृष्टांत निवडावयास नको होता. त्या युद्धाअखेर उभय सैन्यांतील महत्त्वाचे वीर मोजून दहा उरले. आणि जयाची वार्ता पुरती पसरण्यापूर्वींच सौप्तिक व स्त्री हीं पर्वें येतात. व्यंजना वक्त्याच्या आज्ञेंत राहत नाहीं ती अशी.

१४ एप्रिलास मुदत ३ मेपर्यंत वाढविली, तेव्हां लक्ष्मणरेषा भाषणांत पुन्हां आली. तोंवर ती प्रयोजनवती राहिली नव्हती, रूढ लक्षणा झाली होती. ऐकणारास तिच्यांत सीता दिसत नव्हती कीं रावण, केवळ मनाई तेवढी कळत होती.