चुकलेला रन खरंच भरून निघतो का?

ठरलेल्या वेळी आपोआप डेटा गोळा करणाऱ्या पाइपलाइनबद्दल शिकवताना एक सल्ला हमखास दिला जातो: रन चुकला तर काळजी नको, शेड्युलर तो नंतर चालवून घेतो. माझ्या मते हा सल्ला अर्धाच खरा आहे. रन नंतर चालतो, पण डेटा परत मिळतो का हा वेगळा प्रश्न आहे. संशोधकाचा संबंध येतो तो या दुसऱ्या प्रश्नाशी.

उदाहरण आमच्या डोंबिवलीच्या बाजूचंच घेऊ. समजा, एमआयडीसीच्या आसपासची हवा वर्षभरात कशी बदलते याचा अभ्यास तुम्हाला करायचा आहे. कल्याणच्या खडकपाड्यासारख्या केंद्रांचे आकडे सरकारच्या खुल्या डेटा पोर्टलवरच्या एपीआयमधून मिळतात. दर तासाला विचारायचं आणि आलेलं उत्तर साठवायचं. एवढं साधं काम.

आता १२ ऑक्टोबर २०२० हा दिवस आठवा. कळवा-पडघा वीजवाहिन्यांत बिघाड झाला आणि सकाळी दहाच्या सुमारास मुंबई-ठाणे परिसरातली वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा दिवशी घरच्या लॅपटॉपवर चालणारी पाइपलाइन चार तास बंद पडली, तर पुढे काय होतं?

साधनं काय करतात?

क्रॉन काहीच करत नाही. मशीन बंद होतं, वेळ निघून गेली, विषय संपला. अयशस्वी झालेला रन निदान लॉगमध्ये एरर टाकून जातो, पण न झालेल्या रनचा मागमूसही राहत नाही. अ‍ॅनाक्रॉन मशीन चालू झाल्यावर राहिलेलं काम करतो, पण त्याचा हिशोब दिवसांचा, तासांचा नाही. सिस्टमडीच्या टायमरमध्ये 'पर्सिस्टंट' चालू ठेवलं तर चुकलेल्या चार रनच्या बदल्यात एक रन होतो.

एअरफ्लोमधली 'कॅचअप'ची सोय सगळ्यात हुशार वाटते, कारण ती चुकलेल्या प्रत्येक तासासाठी वेगळा रन लावते. माझा मुख्य आक्षेप तिच्यावर डोळे झाकून विसंबण्याला आहे. हा एपीआय फक्त आत्ताचा आकडा देतो, मागचे तास तो ठेवत नाही. दुपारी दोनला वीज आली, चार रन लागोपाठ चालले आणि चौघांनीही दोनचीच हवा आणली. तुमच्या टेबलात मात्र ती दहा, अकरा, बारा आणि एक या तासांच्या नावावर बसली. डॅशबोर्डवर सगळे रन हिरवे दिसतात. रिकामी जागा निदान खरं बोलते, ही चार ओळी खोटं बोलतात.

एक लोकल रद्द झाली म्हणून आपण पुढच्या लोकलने ऑफिसला पोचतो. पण म्हणून मस्टरवर आधीच्या गाडीची वेळ टाकत नाही.

२०२५ मध्ये आलेल्या एअरफ्लो ३ मध्ये कॅचअप मुळात बंद असतो, त्याआधी तो मुळात चालू असायचा. बदल चांगलाच आहे. पण चालू-बंदच्या बटणाने आपला प्रश्न सुटत नाही, कारण तुमचा स्रोत इतिहास ठेवतो की नाही हे शेड्युलरला कळूच शकत नाही. ते तुम्हालाच ठरवायचं असतं.

'डेटा नाही' म्हणजे नक्की काय?

त्याचे तीन अर्थ होतात. आपण विचारलंच नाही. आपण विचारलं, पण उत्तर आलं नाही. किंवा उत्तर आलं, पण केंद्रानेच मोजलं नव्हतं आणि आकड्याच्या जागी 'एनए' होतं. पहिल्या दोन प्रकारांत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवरून जुने आकडे उतरवून घेता येतात, आणि तेव्हा बॅकफिल पूर्णपणे योग्य आहे. तिसऱ्या प्रकारात शंभर वेळा रन लावला तरी हाती काही लागणार नाही. बऱ्याच प्रबंधांत मात्र हे तिन्ही प्रकार 'गहाळ मूल्ये सरासरीने भरली' या एका वाक्यात गुंडाळलेले असतात.

हे गंभीर का आहे? कारण तास यादृच्छिकपणे गहाळ होत नाहीत. पूर, वीज जाणं, आग अशा वेळीच यंत्रणा बंद पडायची शक्यता जास्त. २३ मे २०२४ च्या दुपारी डोंबिवली एमआयडीसीत अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला. तुमच्या डेटात नेमके त्या दुपारचे तास नसतील आणि तुम्ही ते महिन्याच्या सरासरीने भरले, तर तुमच्या आलेखात ती दुपार इतर दुपारींसारखीच दिसेल. ज्यासाठी अभ्यास सुरू केला, तेच पुसलं गेलं.

सरकारी नियमातही ही फट आहे. राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांकात चोवीस तासांच्या सरासरीसाठी किमान १६ तासांचा डेटा लागतो. राहिलेले आठ कोणते, हे नियम विचारत नाही. हिवाळ्यात रात्री-पहाटे धूळ खाली साचून राहते. तेच आठ तास गेले तर दिवस नियमात बसतो, पण प्रत्यक्षापेक्षा स्वच्छ दिसतो.

मग करायचं काय?

प्रत्येक ओळीत दोन वेळा साठवा: आकडा कोणत्या वेळचा आहे आणि तुम्ही तो कधी आणला. पहिली वेळ एपीआयच्या उत्तरातूनच घ्या, शेड्युलरकडून नको. केंद्र, प्रदूषक आणि तास मिळून एकच ओळ राहील असं बंधन घाला, म्हणजे रन पुन्हा चालवला तरी दुबार नोंद होणार नाही. मूळ उत्तर जसंच्या तसं जपून ठेवा. आणि रनची वेगळी वही ठेवा: किती व्हायला हवे होते, किती झाले, किती उशिरा झाले, किती रिकामे आले. ही वही दुसऱ्या मशीनवरून तपासा, कारण बंद पडलेलं मशीन स्वतःच्या गैरहजेरीची नोंद करू शकत नाही.

पद्धतीच्या प्रकरणात या वहीचा एक तक्ता द्या. व्हायव्हात परीक्षक 'हे तास का नाहीत?' असं विचारतील, तेव्हा तुमच्याकडे कारण असेल. भरून काढलेल्या तासांबद्दल मात्र कोणी विचारणारच नाही, कारण ते दिसतच नाहीत. म्हणून ते तुम्हीच दाखवायला हवेत.