सहानुभूती न मागणारी मुलगी

‘लेडी मॅकबेथ’ (२०१६) पाहताना अर्धा सिनेमा होईपर्यंत मी कॅथरीनच्या बाजूने होतो. का नसणार? एकोणिसाव्या शतकातलं इंग्लंड. जमिनीच्या तुकड्यासोबत विकत घेतल्यासारखी घरात आणलेली सून. नवरा जवळ येत नाही, सासरा मात्र वारस हवा म्हणून तिलाच बोल लावतो. बाहेर मोकळा माळ आहे, पण फिरायला बंदी. दासी येते, कॉर्सेटच्या नाड्या आवळते, केस विंचरते, जाते. मग ती निळा झगा घालून सोफ्यावर बसून राहते. कॅमेरा हलत नाही, तीही हलत नाही.

पुढे ती सासऱ्याला विष घालते. पलीकडे तो तडफडतोय आणि ही ॲना नावाच्या दासीशी गप्पा मारतेय. आपण दचकतो, पण आत कुठेतरी बरंही वाटतं. नवऱ्याचा खूनही आपण पचवतो. मग नवऱ्याचा वारस म्हणून एक लहान मुलगा घरात येतो, आणि त्याचं काय होतं ते पाहिल्यावर मला माझीच लाज वाटली. इतका वेळ मी कुणाला टाळ्या वाजवत होतो?

कॅथरीन झालेली फ्लोरेन्स प्यू तेव्हा जेमतेम विशीची होती. ‘द फॉलिंग’ (२०१४) या पहिल्या सिनेमात शाळकरी ॲबी म्हणून ती थोडाच वेळ दिसली होती. हा तिचा दुसरा सिनेमा. या वयात नट सहसा प्रेक्षकाला आपलंसं करायला धडपडतात. ती तसं करत नाही. डोळ्यांत पाणी आणून ‘बघा माझ्यावर काय वेळ आली’ असं सांगत नाही. पहिल्या खुनाआधीचा आणि शेवटच्या खुनानंतरचा तिचा चेहरा जवळपास तोच राहतो. बदलतो तो आपला त्याकडे बघण्याचा सूर.

निकोलाय लेस्कोव्हच्या मूळ रशियन कथेत नायिकेला शिक्षा होते, सैबेरियाच्या वाटेवर ती बुडून मरते. दिग्दर्शक विल्यम ओल्ड्रॉइड आणि पटकथाकार ॲलिस बर्च यांनी तो दिलासा काढून टाकला. इथे कॅथरीन सगळा आळ ॲनावर आणि आपल्या प्रियकरावर ढकलते, आणि लोक तिचंच खरं मानतात. कारण ती मालकीण आहे, ते नोकर. ॲना तर कृष्णवर्णीय आणि धक्क्याने वाचा गेलेली. ज्या घराने कॅथरीनला चिरडलं, त्याच घराची उतरंड शेवटी तिला वाचवते. माझी एकच तक्रार: ॲनाला मुकी केल्यामुळे तिची बाजू सांगण्याची जबाबदारी सिनेमाही टाळतो. ती पेलतात फक्त नेओमी ॲकीचे डोळे.

या भूमिकेसाठी प्यूला २०१७ चा ब्रिटिश इंडिपेंडंट फिल्म पुरस्कार मिळाला. दोन वर्षांनी ग्रेटा गर्विगच्या ‘लिटल विमेन’मध्ये तिने एमी केली. जो या बहिणीचं हस्तलिखित जाळणारी एमी पिढ्यान् पिढ्या वाचकांची नावडती. प्यू तिला गोड करत नाही. लग्न हा बाईसाठी पैशाचाच व्यवहार असतो, हे ती लॉरीला हिशेब मांडल्यासारखं सांगते. एमी आवडायला लागते असं नाही. ती पटायला लागते. ऑस्करचं नामांकन त्याच कामासाठी होतं. त्याच वर्षीच्या ‘मिडसोमार’च्या शेवटी प्रियकर जळत असताना डॅनीच्या चेहऱ्यावर येणारं हसूही याच जातीचं: आपल्याला तिचं दुःख ठाऊक आहे, तरी त्या हसण्यात सामील व्हायची भीती वाटते.

हे तिन्ही सिनेमे चालतात ते या अस्वस्थतेवर. ‘स्ट्राँग’ नायिका म्हटलं की आपण लगेच तिच्या गटात जातो. अन्याय सोसलेली बाई दुसऱ्यावर अन्याय करू शकते, हे मान्य करायला जड जातं. ‘लेडी मॅकबेथ’ पाहणार असाल तर प्यूवरून नजर हटणार नाही, हे खरं. तरी अधूनमधून तिच्यामागे उभ्या असलेल्या ॲनाकडे बघा.