ध्वनिमुद्रिका-संग्राहकांचा मेळावा : एक परामर्श

जुन्या ध्वनिमुद्रिकांचे संग्राहक अधूनमधून एकत्र जमतात, आपल्या तबकड्या एकमेकांस दाखवितात, ऐकवितात, त्यांची अदलाबदल करतात आणि क्वचित विक्रीही करतात. पुण्यातील अशा एका मेळाव्यास उपस्थित राहण्याचा योग प्रस्तुत लेखकास नुकताच आला. या मंडळींच्या खटाटोपाकडे विद्यापीठीय वर्ग सामान्यतः हौस म्हणून पाहतो. ती केवळ हौस आहे काय, आणि नसेल तर तिच्या ठायी असलेल्या शिस्तीचे गुणदोष कोणते, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

सभागृहाच्या भिंतींलगत मेजे मांडली होती. त्यांवर लाखेच्या तबकड्या, सुयांच्या पत्र्याच्या डब्या, संगीत नाटकांतील पदांच्या पुस्तिका आणि चित्रपटगीतांच्या चोपड्या होत्या. भोवतालचा वर्ग बहुतांशी साठीच्या पुढचा होता. दुपारी श्रवणाचा कार्यक्रम झाला. बालगंधर्वांची पदे सर्वांना मुखोद्गत असल्याने श्रोते सुईच्या आधी पुढच्या जागेवर पोचत होते. या भक्तिभावाची थट्टा करण्याचे कारण नाही. तथापि भक्तिभाव म्हणजे अभ्यास नव्हे, हेही तितकेच खरे.

अभ्यास आढळला तो एका वृद्ध संग्राहकाच्या वहीत. प्रत्येक मुद्रिकेस त्यांनी एक पान दिले आहे. छापील क्रमांक, गायकाचे नाव व पदाचे पहिले शब्द यांबरोबरच तबकडीच्या मधल्या गुळगुळीत भागात उमटलेला मूळ साच्याचा क्रमांकही त्यांनी नोंदला आहे. एकच पद गायकाकडून दोनतीन वेळा गाऊन घेतले जाई. त्यामुळे क्वचित एकाच छापील क्रमांकाच्या दोन तबकड्यांवर दोन निरनिराळी गायने आढळतात. कोणते कोणते, हे साच्याच्या क्रमांकावरून व त्यापुढील खुणेवरून ठरते. पोथ्यांच्या बाबतीत आपण ज्याला पाठचिकित्सा म्हणतो, तेच हे कार्य होय. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने व तिच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकाने अशा नोंदींना वळण लावले. ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातील हिंदुस्थानी मुद्रणांची सूची मायकेल किनियर यांनी १९९४ साली प्रसिद्ध केली. संग्राहकांच्या चिकाटीचे हे फळ आहे.

या सामग्रीचे भाषाभ्यासकास प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी करील. भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यास पहिली मुद्रणे केली ती १९०२ साली. ‘सौभद्रा’च्या आरंभीच्या प्रयोगांतील हा आवाज म्हणून आपल्यापुरता केवळ आख्यायिकेत उरला. त्यानंतरच्या पिढीचे उच्चार मात्र प्रत्यक्ष ऐकता येतात. मराठीच्या इतिहासास ही सोय त्यापूर्वी कधीही नव्हती. लेखनावरून उच्चाराचा अंदाज करावयाचा म्हटले तर अडचणी उघड आहेत. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ हे ‘जगणे’चे आज्ञार्थी रूप, यांतील ‘ज’ निराळे असूनही लिपी त्यांना एकच चिन्ह देते. उलट ‘केलें’, ‘घरीं’ यांवरील अनुस्वार १९६२ सालच्या शुद्धलेखननियमांपर्यंत लिहिले जात होते. पण ते कोठवर उच्चारले जात, हे त्या लेखनावरून कळत नाही.

परंतु साक्षीदार मिळाला म्हणजे त्याची प्रत्येक साक्ष ग्राह्य, असे होत नाही. कर्ण्यापुढे गाऊन केलेल्या जुन्या मुद्रणात सेकंदास सुमारे दोन-अडीच हजार कंपनांपलीकडचा ध्वनी जवळजवळ उमटतच नाही. दंत्य व तालव्य ‘च’, ‘ज’ यांस वेगळे करणारे घर्षण मुख्यतः त्याहून वरच्या पट्टीत असते. म्हणजे ज्या भेदाविषयी लिपी मूक आहे, त्याविषयी जुनी तबकडीही बव्हंशी मूकच आहे. १९२५च्या सुमारास पाश्चात्त्य देशांत विद्युत्-मुद्रण सुरू झाले व काही वर्षांत येथेही आले. त्यानंतर ही उणीव बरीच कमी झाली. स्वरांची गोष्ट वेगळी. त्यांचा बराचसा अंश खालच्या पट्टीत असल्याने अनुनासिकाचा प्रश्न जुन्या मुद्रिकांपुढेही निदान मांडता येतो. मात्र गायनात ऱ्हस्वदीर्घ हे तालाच्या स्वाधीन असतात. म्हणून भाषाभ्यासकास पदापेक्षा त्यालगतचे गद्य अधिक मोलाचे.

येथेच संग्राहकांशी माझा मतभेद आहे. प्रारंभीच्या अनेक मुद्रिकांच्या अखेरीस गायक आपले नाव उच्चारतो. गौहर जान यांनी इंग्रजीत केलेली अशी घोषणा प्रसिद्ध आहे. मुद्रणे येथे होत, पण १९०८ साली कलकत्त्यास कारखाना निघेपर्यंत तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे तयार होत. तेथील कारागिरांस गायक ओळखता यावा, हा या घोषणेचा उपयोग सांगितला जातो. मेळाव्यात अशी एक मराठी तबकडी लावली होती. पद संपताच, ती बोललेली दोन वाक्ये येण्याच्या आत, चालकाने सुई उचलली. त्याच मुद्रिकेची संगणकीय प्रत नंतर ऐकविण्यात आली. तीत खरखर काढून टाकली होती आणि घोषणाही. विचारता उत्तर मिळाले, “ते गाण्यात येत नाही ना!” रसिकाच्या दृष्टीने हे बरोबर आहे. परंतु पोथीची शेवटची पुष्पिका फाडून मग तिची नक्कल करावी, तसा हा प्रकार झाला.

दुसरा दोष गतीचा. जुन्या तबकड्या मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या म्हणून ओळखल्या जातात. तथापि प्रारंभीच्या काळी ही गती निश्चित नव्हती. बहात्तर फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी अठ्ठ्याहत्तरने लावली तर आवाज सुमारे आठ टक्क्यांनी चढतो, म्हणजे अर्ध्या स्वराहूनही अधिक. त्यामुळे गायकाची पट्टी बदलते आणि स्वरांची घडणही सरकते. वहीत गतीची नोंद नाही. तिसरा दोष मूल्यमापनाचा. दुर्मिळ तबकडीस मान, घरोघरी वाजून झिजलेलीस नाही. आणि गद्य संवादांच्या एका मुद्रिकेस तर दिवसभर कोणी हातही लावला नाही.

हे दोष दाखविण्याचा अधिकार मात्र आपणांस कितपत आहे? त्या वृद्ध गृहस्थांनी मला सहज विचारले, “सर, तुमच्या विभागात किती रेकॉर्डी आहेत?” एकही नाही, असे सांगावे लागले. त्याहून अप्रिय गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाने वडिलांच्या दोन पेट्या तबकड्या विभागास देऊ केल्या होत्या. गाण्यांचा भाषाशास्त्रास उपयोग नाही, असे मीच त्यांना कळविले. पेट्या न उघडता कळविले. त्यांत गद्य होते काय, घोषणा होत्या काय, हे आता कळण्याचा मार्ग नाही. जागा रिकामी करण्याच्या घाईत त्या भंगारात गेल्याचे पुढे समजले. सुई उचलणाऱ्या चालकाने दोन वाक्ये गाळली. मी दोन पेट्या गाळल्या.

इतिहासाच्या क्षेत्रात ही चूक शतकापूर्वीच ओळखली गेली. राजवाड्यांनी घरोघरची दप्तरे धुंडाळली आणि १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, म्हणून कागद वाचले. दप्तर बाळगणाऱ्यास त्याचे शास्त्रीय मोल ठाऊक असतेच असे नाही. ते ठरविणे व त्याच्यापर्यंत पोचविणे हे अभ्यासकाचे काम. लाखेची तबकडी तर कागदाहून ठिसूळ, आणि तिचे जाणते संग्राहक वृद्ध होत चालले आहेत.

तात्पर्य, संग्राहकांची शिस्त खरी आहे, पण ती गीतापाशी थांबते. आपली शिस्त उच्चारापर्यंत जाऊ शकते, पण तिच्यापाशी सामग्री नाही. तबकडीची पहिली प्रत आरंभीच्या खरखरीपासून अखेरच्या घोषणेपर्यंत अविकृत घ्यावी, गतीची नोंद ठेवावी आणि स्वच्छ केलेली प्रत निराळी करावी, एवढे त्या गृहस्थांस सुचविले. त्यांनी ते वहीच्या मलपृष्ठावर लिहून घेतले आणि वही नकलेसाठी देण्याचे मान्य केले. पुढील मेळाव्यापूर्वी ती नक्कल विभागात असावी. त्यापुढचे काम तिच्यावरून आखता येईल.