श्यामच्या आईची छडी

साने गुरुजींचे 'श्यामची आई' हे पुस्तक आमच्या धर्मग्रामातील कित्येक ख्रिस्ती घरांत बायबलशेजारी ठेवलेले आढळते. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक पालक आजही मुलांना वाचून दाखवितात, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र त्यातील पोहण्याच्या प्रसंगाचा जो अर्थ लावला जातो, त्याविषयी आमची तक्रार आहे.

श्याम पाण्याला भिऊन लपून बसतो. आई त्याला छडीने मारून विहिरीकडे धाडते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या या जंगलपट्टीत पालकसभांतून हा प्रसंग आणि नीतिसूत्रांतील छडीचे वचन (१३:२४) एका दमात सांगितले जाते. श्याम मारामुळे घडला, असा त्याचा निष्कर्ष!

पुस्तक काही निराळेच सांगते. मारून झाल्यावर त्या माउलीचेच मन कळवळते. न्हाऊन आलेल्या लेकाच्या तळव्यांना माती लागू नये म्हणून धोंडीवर लुगड्याचा ओचा पसरणारीही तीच, आणि पायांप्रमाणे मनही स्वच्छ ठेव असे सांगणारीही तीच. श्याम घडला तो त्या ओच्यावर. तरीही एक उणीव नोंदविली पाहिजे. गुरुजींची मातृभक्ती या प्रसंगी आईला प्रश्न विचारू देत नाही. भ्यालेल्या मुलाला हात धरून विहिरीपर्यंत नेता आले नसते काय?

आता बायबलमधील छडी. नीतिसूत्रांतील छडीला मूळ हिब्रूत 'शेबेट' हा शब्द आहे, आणि तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळाच्या ज्या काठीने भक्ताला धीर येतो, तिलाही हाच शब्द आहे. ताडोबाच्या आसपासचा गुराखी काठी बाळगतो ती वाघाच्या भयाने आणि कळप वाटेवर राहावा म्हणून. वासराची पाठ सोलण्यासाठी नव्हे. नीतिसूत्रांत प्रत्यक्ष मारण्याचाही उल्लेख आहे, तो लपविण्यात अर्थ नाही. परंतु आपण जुना करार ख्रिस्ताच्या प्रकाशात वाचतो. प्रभूने बालकाला मध्ये उभे करून कवेत घेतले. संत पौलाने बापांनाच बजावले, की मुलांना चिरडीस आणू नका (एफेसकरांस ६:४). संत जॉन बॉस्को यांनी १८७७ साली आपली शिक्षणपद्धती मांडली, ती विवेक, धर्म आणि वात्सल्य या तीन खांबांवर. छडीला तेथे जागा नाही.

हे आम्ही साळसूदपणे लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी एका वसतिगृहात असताना, प्रार्थनेला उशिरा आलेल्या एका माडिया मुलाला आम्ही छडी मारली. त्या रात्री तो जंगलातून एकटाच घरी चालत गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा बाप आला. रागावला नाही. एवढेच म्हणाला, "फादर, आमच्याकडं लेकराला मारत नाहीत." बायबल त्याला वाचता येत नव्हते, आम्ही ते शिकविण्यासाठी तेथे गेलो होतो. मुलगा पुन्हा आला नाही.

शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेतील छडीला बंदी केली. घरातील छडी मात्र अद्याप बायबलच्या नावावर उभी आहे. वाचकहो, 'श्यामची आई' जरूर वाचा. पण मुलांच्या वाट्याला तिचा ओचा येऊ द्या.