तीन अर्ग्युमेंटांची नजाकत

लिनक्समध्ये एखादी प्रोसेस कुठल्या प्रोसेसरांवर चालू शकेल हे ठरवणारा सिस्टिम कॉल म्हणजे स्केड_सेटअफिनिटी. २००२ मध्ये कर्नलच्या २.५.८ या आवृत्तीत तो आला. अर्ग्युमेंटं तीनच: कोणासाठी, मास्क किती बाइटांचा, आणि मास्क ठेवलाय कुठे. मॅन्युअलच्या पानावर ही एक ओळ सहज डोळ्यांखालून निघून जाते. थांबून पाहावं अशी मात्र ती आहे.

आधी मास्क पाहू. प्रत्येक प्रोसेसरला एक बिट. शून्य आणि दोन क्रमांकाचे हवे असतील तर १०१, म्हणजे ५. इथे एकच क्रमांक मागता आला असता. सोलारिसचा प्रोसेसर_बाइंड तसाच मागतो. मग तो प्रोसेसर गर्दीत असला की प्रोसेसला ताटकळत राहावं लागतं. लिनक्सने क्रमांकाऐवजी संच मागितला. संचाच्या आत कुठे चालवायचं हे शेड्यूलरच ठरवतो, आणि एकच बिट लावला की तीच मुभा कडक बांधणी होते. कॅशमधला डेटा हाताशी राहावा किंवा जवळची मेमरी वापरली जावी, ही प्रोग्रामरची इच्छाही पुरी होते आणि शेड्यूलरचा अधिकारही शाबूत राहतो. दोघांचा इतका मान राखणारं इंटरफेस विरळाच!

मधलं अर्ग्युमेंट, लांबी, वरवर रुक्ष वाटतं. विंडोजने मास्क एका शब्दात, फार तर ६४ बिटांत बसवला. पुढे प्रोसेसर ६४च्या वर गेले तेव्हा विंडोज ७च्या पिढीत त्यांचे गट पाडावे लागले आणि गटांसाठी वेगळी फंक्शनं आली. लिनक्सचा कॉल लांबी सोबत घेऊन येतो, म्हणून दोन कोअरच्या लॅपटॉपवर आणि शेकडो कोअरच्या सर्व्हरवर तो तोच राहतो. जीलिबसी या सी लायब्ररीने २.३.३ आवृत्तीत हे अर्ग्युमेंट काढून टाकलं होतं, आणि लगेच २.३.४ मध्ये परत आणलं. त्याचं मोल त्या माघारीत दिसतं.

सगळ्यात सूक्ष्म जागा पुढे आहे. मास्क लावताना तुमचा बफर कर्नलच्या मास्कपेक्षा आखूड असला तरी चालतं. उरलेले बिट शून्य धरले जातात. पण जोडीचा स्केड_गेटअफिनिटी, म्हणजे सध्याचा मास्क विचारणारा कॉल, बफर अपुरा असला की सरळ एरर देतो. मागणी त्रोटक असली तरी तिचा अर्थ लागतो. उत्तर अर्धवट दिलं तर ते खोटं ठरतं. ही विसंगती मुद्दाम राखण्यातली समज मला फार मोठी वाटते.

कंटेनरच्या किंवा अ‍ॅडमिनच्या सीपीयूसेटची, म्हणजे परवानगी असलेल्या प्रोसेसरांच्या संचाची, मर्यादाही इथेच पाळली जाते. तुम्ही ० ते ७ मागितले आणि परवानगी ४ ते ११ची असेल, तर ४ ते ७ मिळतात. सामाईक काहीच नसेल तरच एरर. ही छाटणी गुपचूप होते हे काहींना खटकेल. मला ती रास्त वाटते, कारण नेमकं काय मिळालं ते लगेच विचारता येतं.

आणि वारसा! मास्क फोर्कमधून मुलाकडे जातो, एक्झेकनंतरही टिकतो. टास्कसेट ही कमांड एवढ्यावरच उभी आहे: आधी स्वतःचा मास्क बदलते, मग एक्झेक करून तुमचा प्रोग्राम होऊन जाते. प्रोग्रामला यातलं काही ठाऊक असावं लागत नाही; पण त्याने विचारलं तर खरं उत्तर मिळतं. आठ कोअरच्या मशीनवर ‘टास्कसेट -सी ०-३ एनप्रॉक’ चालवून पाहा. उपलब्ध प्रोसेसर मोजणारा एनप्रॉक ८ नाही, ४ छापतो. मग त्या आकड्यावर बेतलेलं मेकसुद्धा चारच कामं एकावेळी काढतं.