प्राथमिक वर्गासाठी विनामूल्य ऑनलाइन साधनांचे मूल्यमापन : दिवा परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

मध्य रेल्वेवरील मुंब्रा आणि कोपर या स्थानकांच्या दरम्यानचे दिवा हे जंक्शन ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत येते. येथील मूळच्या आगरी वस्तीत कोकणातून आलेल्या कुटुंबांची मोठी भर पडली. पालकांचा मोठा वर्ग लोकलने ठाणे-मुंबईकडे कामाला जातो. ज्या घरात एकच स्मार्टफोन असतो, तेथे तो पालकाबरोबर सकाळी बाहेर पडतो आणि रात्री परततो. पहिली ते पाचवीच्या अध्यापनात विनामूल्य ऑनलाइन साधने वापरावीत, हा आग्रह कोविडकाळापासून वाढला आहे. ही साधने कोणत्या कसोटीवर निवडावीत, याचा विचार अशा परिसराच्या संदर्भात करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गुणांच्या बेरजेतील दोष

प्रचलित मूल्यमापन-तक्त्यांत आकर्षकता, वापरातील सुलभता, अभ्यासक्रमाशी सुसंगती इत्यादी निकषांना गुण देऊन त्यांची बेरीज केली जाते. या पद्धतीत एका निकषावरील मोठी उणीव इतर निकषांवरील गुणांनी झाकली जाते. परिणामी प्रत्यक्ष वर्गात चालू न शकणारे साधनही कागदावर शिफारसपात्र ठरते. म्हणून काही निकष पूर्वअटींच्या स्वरूपात मांडणे आवश्यक आहे. त्यांची पूर्तता न करणाऱ्या साधनाची पुढील तपासणी करण्याचे प्रयोजन उरत नाही. इंटरनेटविना उपयोग, बालकाची भाषा, माहितीची सुरक्षितता आणि टिकाऊपणा या त्या चार पूर्वअटी होत.

उपलब्धता आणि सुरक्षितता

५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेला 'दीक्षा' हा शासकीय मंच बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडशी जोडलेला असून त्यातील आशय उतरवून ठेवता येतो. एकच उपकरण असलेल्या वर्गात ही सोय मोलाची आहे. परंतु त्यातील बराच आशय चित्रफितींचा असल्याने मूल पाहते, पण स्वतः वाचतेच असे नाही. शिवाय ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२२ मध्ये ४९ देशांतील शैक्षणिक साधने तपासली, तेव्हा त्यांपैकी ८९ टक्के साधनांच्या माहितीविषयक व्यवहारांत बालहक्कांना बाधा येत असल्याचे नोंदविले. तपासलेल्या साधनांत 'दीक्षा'चाही समावेश होता. शासकीय असणे वा विनामूल्य असणे हे सुरक्षिततेचे प्रमाण मानता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तींच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीचे तत्त्व आले आहे. वर्गातील मुलांची नावे घालून खाती उघडण्यापूर्वी शिक्षकाने याचे भान ठेवणे अगत्याचे आहे.

भाषेची कसोटी

गूगलचे 'बोलो' हे वाचनसाधन मार्च २०१९ मध्ये भारतात आले. पुढे २०२० मध्ये 'रीड अलाँग' या नावाने ते मराठीसह अन्य भाषांत उपलब्ध झाले. गोष्टी उतरवून घेतल्यावर ते इंटरनेटविना चालते, आणि मुलाचा आवाज उपकरणावरच तपासला जातो, असे कंपनीने त्या वेळी सांगितले होते. या दोन बाबतींत ते निश्चितच सरस ठरते. खरा प्रश्न उच्चाराचा आहे. आगरी बोलीत 'पाणी'चे 'पानी' आणि 'डोळा'चे 'डोला' होते. असा उच्चार करणारे मूल शब्द ओळखत असते आणि त्याला अर्थही समजलेला असतो. शिक्षक ते ऐकतो, तेव्हा त्यास वाचन म्हणतो. प्रमाण उच्चारांवर बेतलेल्या यंत्राने त्यास चूक म्हटले, तर मुलाच्या घरची भाषाच चूक ठरते. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलास अर्थपूर्ण वाचन यावे, हे उद्दिष्ट २०२६-२७ साठी ठेवले. त्या प्रयत्नात वाचू शकणारे मूल अप्रगत गणले जाणे ही गंभीर हानी होय. म्हणून असे साधन स्वीकारण्यापूर्वी वर्गातील चार-पाच मुलांकडून त्यावर वाचन करून घ्यावे आणि यंत्राचा निर्णय शिक्षकाच्या निर्णयाशी ताडून पाहावा.

टिकाऊपणा

विनामूल्य सेवा बंद करण्याचा अधिकार तिच्या मालकाकडेच असतो. अॅडोबी फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपताच त्यावर बेतलेले असंख्य शैक्षणिक खेळ निरुपयोगी झाले. एडमोडो २०२२ मध्ये आणि गूगलचा जॅमबोर्ड २०२४ च्या अखेरीस बंद झाला. त्यांवर रचलेली शिक्षकांची मेहनत नव्याने करावी लागली. याउलट प्रथम बुक्सने ८ सप्टेंबर २०१५ रोजी सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर'वरील गोष्टी मुक्त परवान्याखाली असून त्या उतरवून छापता येतात. एकदा छापलेली गोष्ट संकेतस्थळावर अवलंबून राहत नाही. अनुवाद कोणासही करता येत असल्याने भाषेचा दर्जा मात्र सर्वत्र सारखा राहत नाही. पहिल्या पातळीच्या गोष्टीत जोडाक्षरे आली, तर नवशिक्या वाचकाची तेथेच अडचण होते. तथापि हा दोष शिक्षकास दूर करता येतो, कारण परवाना बदलाची मुभा देतो. तोच परवाना आगरी वा मालवणी बोलीतील आवृत्ती तयार करण्यासही वाव देतो. शिक्षकाला दुरुस्त करता येणारे साधन त्याला केवळ वापरता येणाऱ्या साधनाहून अधिक ग्राह्य मानावे लागेल.

निष्कर्ष

उपरोक्त तीन साधनांपैकी एकही सर्वार्थाने निर्दोष नाही. पूर्वअटींच्या क्रमाने पाहता दिव्यासारख्या परिसरात छापून घेता येणाऱ्या गोष्टींना प्रथम स्थान द्यावे. उतरवून ठेवलेला पाठ्यपुस्तकीय आशय दुसऱ्या स्थानी यावा. उच्चार तपासणारे साधन शिक्षकाच्या उपस्थितीत आणि केवळ सरावापुरते वापरावे. मुलाची प्रगती नोंदविण्याचा अधिकार त्यास देऊ नये. अध्यापक महाविद्यालयांतील मूल्यमापनाचे प्रात्यक्षिक सामान्यतः संगणक-कक्षात पूर्ण होते. ते शाळेच्या वर्गात, त्या वर्गातील मुलांच्या वाचनावर आधारून घेतले गेले, तर भावी शिक्षकाला साधनाची खरी पारख करता येईल.