नामदेवांचे परतणे : ‘तीर्थावळी’तील मावंदे आणि नरसीची परतवारी

नामदेवांच्या नावावर असलेल्या ज्ञानदेवचरित्राचे ‘आदि’, ‘तीर्थावळी’ व ‘समाधी’ असे तीन भाग मानले जातात. त्यांपैकी ‘समाधी’च्या अभंगांचा गौरव विपुल झाला असून तो सार्थही आहे. ‘तीर्थावळी’च्या वाट्याला मात्र बहुधा दोनच प्रकारची चर्चा आली. एक, तीतील ज्ञान व भक्ती यांच्या संवादाची. दुसरी, यात्रेच्या मार्गाची व कालाची. मरुभूमीतील विहिरीचा प्रसंग तर कीर्तनकारांनी इतका घोळला आहे की, तोच या प्रकरणाचा कळस होय असा समज रूढ झाला. ज्ञानदेव योगबळाने विहिरीत उतरून पाणी पितात. नामदेव विठ्ठलाचा धावा करतात आणि विहीर काठोकाठ भरून वाहू लागते. प्रसंग रम्य आहे यात शंका नाही. परंतु रचनेचा भार त्यावर नाही. प्रकरणाचा आरंभ पंढरी सोडण्याच्या व्याकुळतेने होतो व शेवट परत आल्यानंतरच्या भोजनसोहळ्याने. या दोहोंच्या मध्ये तीर्थे ओझरती येऊन जातात. ‘तीर्थावळी’ हे प्रवासाचे काव्य म्हणण्यापेक्षा परतण्याचे काव्य म्हणणे अधिक यथार्थ होईल. मग हे परतणे नेमके कोठे, हा प्रश्न टीकेने विचारावयास हवा होता.

या विवेचनात एक सावधगिरी अवश्य बाळगावी लागते. ‘नामा’ ही मुद्रा घेणारे कवी एकाहून अधिक झाले. एकनाथकालीन विष्णुदास नामा याची रचना आद्य नामदेवांच्या रचनेत मिसळली, हे सर्वमान्य आहे. गाथेची पाठशुद्धी हा त्यामुळेच कठीण विषय झाला असून 1970 साली शासनाने प्रसिद्ध केलेल्या गाथेनंतरही तो वाद मिटलेला नाही. येथे ‘नामदेव’ म्हणजे गाथेतून उभे राहणारे नामदेव, एवढाच अर्थ घ्यावयाचा आहे.

यात्रेला निघावे असे ज्ञानदेव सुचवितात. नामदेवांचे पाऊल निघत नाही. अखेर विठ्ठलच त्यांचा हात ज्ञानदेवांच्या हाती देतो. पुढे चमत्कारिक उलथापालथ होते. नामदेव वाटेवर झुरतात हे अपेक्षितच. पण पंढरीत मागे राहिलेला देवही झुरतो व रुक्मिणीजवळ आपली तळमळ बोलून दाखवितो. परदेशी गेलेल्या मुलाची वाट पाहणाऱ्या घरात जे घडते, तेच कवीने राउळात घडविले आहे. भेट होते ती देवाची व भक्ताची, आणि मावंदे होते तेही राउळाच्या अंगणात.

मावंदे या विधीचा अर्थ येथे नीट ध्यानात घेतला पाहिजे. काशी-प्रयाग करून आलेल्या यात्रिकाने गावाला व आप्तांना जेवू घालावयाचे, मगच त्याची यात्रा फळास आली असे मानीत. पूर्वी यात्रा म्हणजे वर्ष-दोन वर्षांचा, कधी त्याहूनही दीर्घ वियोग असे. निघणारा घरच्यांचा निरोप घेई तो परत येण्याची खात्री नाही अशा मनानेच. असा मनुष्य एखाद्या संध्याकाळी दारात उभा राहिला, तरी तो लगेच घरचा होत नसे. काही काळ तो पूज्य असे. लोक त्याच्या पाया पडत, कावडीतील गंगोदक मागत. मावंद्याच्या पंक्ती उठल्या की तो पुन्हा चारचौघांसारखा संसारी होई. विधीचे हे सामाजिक कार्य पंगतीच्या थाटामाटात झाकले जाते. शिवाय मावंद्याचा यजमान यात्रिक स्वतः, आणि चुलीजवळ राबणारी त्याची आई नि बायको.

‘तीर्थावळी’त यजमानपण विठ्ठलाकडे जाते. वाढावयास रुक्मिणी उभी राहते. देवाने भक्ताचे मावंदे करावे यात भक्तीची परमावधी आहे, असे या प्रसंगाविषयी आजवर म्हटले गेले व ते खरेही आहे. पण त्याच क्षणी नामदेवांचे घर या विधीतून नाहीसे झाले, इकडे दुर्लक्ष झाले. गोणाईला, राजाईला आपल्या माणसाच्या परतण्यात वाटा मिळालेला नाही. जो विधी यात्रिकाला घराच्या स्वाधीन करण्यासाठी आहे, त्याच विधीने येथे तो घराच्या हातून काढून घेतला आहे. देवाने भक्ताचे कौतुक करावे, परंतु त्याच्या चुलीवरचा हक्कही घ्यावा काय, असे एखाद्या अरसिकाला वाटल्यास त्याला दोष देता येणार नाही!

हे घर गाथेत नाही असे मात्र नाही. ते निराळ्या ठिकाणी, निराळ्या स्वरात बोलते. गोणाई व नामदेव यांचे संवाद आणि राजाईची गाऱ्हाणी यांना नामदेवगाथेत स्वतंत्र स्थान आहे. शिंप्याचा धंदा बसला, घरात खाणारी तोंडे पुष्कळ, मुलेबाळे आहेत, आणि कर्ता पुरुष टाळ घेऊन देवळात. आईचा रोष थेट विठ्ठलावर आहे. आपला मुलगा त्याने नेला असे तिचे म्हणणे. राजाई रुक्मिणीकडे जाते आणि, तुमच्या नवऱ्याने माझ्या नवऱ्याची ही काय अवस्था केली ते त्याला विचारा, अशा आशयाचे बोलते. या अभंगांचा तीर्थयात्रेशी कालदृष्ट्या संबंध जोडण्यास गाथेत आधार नाही, आणि तसा तो जोडण्याची आवश्यकताही नाही. परंतु मावंद्यात वाढणारी रुक्मिणी व राजाईचे गाऱ्हाणे ऐकणारी रुक्मिणी एकच आहे. दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवून वाचली म्हणजे पहिल्यातील तृप्ती दुसऱ्याने पुरती टिकू दिलेली नाही, हे दिसून येते. वारकरी परंपरेचा प्रामाणिकपणा असा की, तिने हे दुसरे प्रकरण गाळून टाकले नाही.

तुलनेसाठी विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ घेता येईल. वरसईचे हे भटजी 1857 साली उत्तरेकडे निघाले ते घरचे कर्ज फेडण्यासाठी. बंडाच्या धामधुमीत सापडून, झाशीचा पाडाव डोळ्यांनी पाहून ते परतले, तेव्हा हाती द्रव्य राहिले नव्हते. खांद्यावर गंगेची कावड होती. त्या उदकाने त्यांनी आईबापांना स्नान घातले. गोडसे भटजी थेट घरी परततात. यात्रेचे पुण्य वडीलधाऱ्यांच्या अंगावर ओततात, आणि ज्यासाठी निघाले होते ते कर्ज मात्र दारात तसेच उभे राहते. 1883 मध्ये लिहिलेला व 1907 मध्ये चिंतामण विनायक वैद्य यांनी प्रसिद्ध केलेला हा वृत्तांत गद्य आहे, निर्हेतुक आहे. काव्याने जे टाळले ते त्याला टाळता आलेले नाही.

आता नरसीचा विचार. कयाधू नदीच्या काठचे नरसी हे गाव 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात येते. नामदेवांचे जन्मस्थान नरसी की पंढरपूर, हा वाद जुना आहे व तो येथे उकरण्याचे प्रयोजन नाही. लक्षणीय गोष्ट अशी की, ‘तीर्थावळी’तील यात्रिक पंढरीला परततो, नरसीला नव्हे. लोकाचाराने मात्र ही उणीव आपल्या परीने भरून काढलेली दिसते. आषाढी एकादशीची वारी करून आलेले वारकरी पुढच्या वद्य एकादशीला नरसीत जमतात. या मेळ्याला ‘परतवारी’ म्हणतात. पंढरीचे दर्शन झाले तरी नरसीला येऊन नामदेवांच्या पायांवर डोके ठेविल्यावाचून वारी पुरी होत नाही, अशी भावना आहे. वारीच्या अभ्यासात जाण्याचे वर्णन अपार आहे. रिंगणे, मुक्काम, पालख्यांचे मान यांवर पुष्कळ लिहिले गेले. परतीची वाट बहुधा कोणी पाहिलीच नाही. हिंगोलीच्या शेतकऱ्याला आषाढ वद्यात निंदणी-खुरपणी बोलावीत असते; परतवारी हे त्याच्यासाठी पंढरी व शेत यांच्यामधले एक ठाणे आहे. मावंद्याचेच काम ती करते, पण येथे वाढणारा देव नसून त्या मातीतला एक शिंपी आहे.

याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे नामदेवांना विसोबा खेचर भेटले, अशी कथा आहे. पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबांनी, देव नाही अशी जागा दाखव, म्हणजे पाय तेथे ठेवतो, असे म्हटले. हा उपदेश तीर्थयात्रेआधी झाला की नंतर, याविषयी चरित्रकारांत एकवाक्यता नाही. परंतु क्रम कोणताही धरला तरी पंढरीला परतण्याच्या आग्रहापुढे तो प्रश्नचिन्ह उभे करतो. जेथे देव नाही अशी जागाच नसेल, तर पंजाबातील एखादे गावही परके उरत नाही.

आणि नामदेव पंजाबात गेलेच. गुरु ग्रंथसाहेबात त्यांची 61 पदे आहेत. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे स्थान आहे, व 2015 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही तेथे भरले. या दुसऱ्या प्रवासाचा शेवट दोन परंपरा दोन प्रकारे सांगतात. मराठी परंपरेप्रमाणे ते परतले आणि 1350 साली पंढरपूरच्या महाद्वारी, पायरीखाली, कुटुंबीयांसह समाधिस्थ झाले. पंजाबी परंपरेप्रमाणे त्यांचा देह घुमानलाच राहिला. इतिहासाला या वादाचा निर्णय देता आलेला नाही. मराठी कथेचा एक तपशील मात्र टीकेच्या दृष्टीने मोलाचा आहे. पायरीखाली नामदेव एकटे नाहीत; गोणाई आहे, राजाई आहे, मुले आहेत, जनाबाई आहे. मावंद्याच्या पंगतीत ज्यांना जागा नव्हती, ती माणसे या कथेने महाद्वारात त्यांच्या शेजारी आणून बसविली आहेत.